सण तुमचा, झाड माझं

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत फणसाचं झाड आहे. हौस म्हणून लावलेलं नाही, दिवाळीची भेट म्हणून आलेलं आहे. माणसं दिवाळीला काजूकतली देतात, सुकामेवा देतात, अगदीच जिवावर आलं तर सोनपापडी देतात. आमच्या शेजारचे ओव्हाळसाहेब झाड देतात. टेबलावर ठेवायचं दोन पानांचं शोभेचं रोपटं नव्हे. त्याला ते 'कोथिंबीर' म्हणतात. झाड म्हणजे फणस, चिंच, जांभूळ, कदंब. ज्याच्या सावलीला बैलगाडी सोडता येईल असं काहीतरी.

ओव्हाळसाहेब खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. मालाची तपासणी हे त्यांचं काम. जन्मभर वस्तू उलटीपालटी करून पास किंवा नापास म्हणायचं, एवढ्यावर त्यांचा संसार झाला आणि धायरीला राहायला आल्यावरही ती सवय सुटली नाही. वाण्याकडचे नारळ ते कानाशी हलवून नापास करतात. आमच्या लिफ्टला त्यांनी अजून पास केलेलं नाही, त्यामुळे ते जिन्यानंच येतात.

सणांच्या बाबतीत मात्र भेदभाव नाही. ते स्वतः बौद्ध. बुद्धपौर्णिमेला सगळ्या मजल्यांवर खीर पोचवतात, पण झाड द्यायचं ते दुसऱ्याच्या सणाला. आम्हाला दिवाळीत, पहिल्या मजल्यावरच्या शेखांना ईदेला, डिसोझाबाईंना नाताळात. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत वाढवलेलं रोप हातात ठेवायचं आणि म्हणायचं, "सण तुमचा, झाड माझं."

एकदा मी विचारलं, "साहेब, तुम्ही बौद्ध असून आजवर कुणाला पिंपळ दिला नाहीत?"

"पिंपळ कशाला द्यायचा? तुमच्या बिल्डरनं जे बांधकाम केलंय, त्यात तो आपला आपण येतो."

मी खाली जाऊन पाहिलं. ड्रेनेजच्या पाइपाशेजारी तो आलेलाही होता.

कुणाला कुठलं झाड, हे माणूस पाहून ठरतं. सोसायटीचे सेक्रेटरी मराठे यांना चिंच मिळाली. मला फणस का, हे मी विचारलं नाही, बायकोनं विचारलं. "बाहेरून काटे, आत गरे," साहेब म्हणाले. "गरे कुठायत ते मी अजून शोधतेय," असं ती म्हणाली आणि दोघं माझ्यादेखत मनसोक्त हसले.

तळमजल्यावरच्या तात्यांना आंबा मिळाला. तात्या मूळचे धायरीचेच. आमची सोसायटी उभी आहे ती त्यांच्या ज्वारीच्या वावरात. रोप हातात धरून ते पार्किंगच्या फरशांकडे बघत राहिले. "सायेब, आंबा चांगला हाय. पर लावू कुटं? जमीन तर तुमच्या गाड्यांखाली हाय."

"तो तुमचा प्रश्न. मी महिन्यानं येतो बघायला."

आणि ते येतात. खरा जाच हाच. मिठाई देणारा माणूस मिठाई देऊन निघून जातो. ओव्हाळसाहेबांचं म्हणणं, माल बाहेर पडला म्हणून जबाबदारी संपत नाही. त्यामुळे दर महिन्याला बेल वाजते. ते आत येतात, पानं उलटी करून बघतात, मातीत बोट खुपसतात, निकाल सांगतात, चहा घेतात आणि तासाभरानं उठतात. घरात पाहुणे असोत नाहीतर टीव्हीवर मॅच असो, तपासणी टळत नाही.

मग लोकांनी लोक करतात तेच केलं. एका दिवाळीत, दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत, सोनपापडीचे डबे फिरतात तशी झाडं फिरू लागली. मराठ्यांची चिंच दुसऱ्या मजल्यावर गेली, तिथून तिसऱ्या. शेवटी ती भाड्यानं नव्यानंच राहायला आलेल्या आयटीतल्या मुलीकडे पोचली. तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं पाडव्याच्या दिवशी ती थेट ओव्हाळसाहेबांनाच नेऊन दिली. "अंकल, हॅपी दिवाली! म्हटलं, स्वीट्सपेक्षा काहीतरी इको-फ्रेंडली द्यावं."

साहेबांनी पिशवी ओळखली. रोप फिरवून पाहिलं. "पाणी कमी पडलंय," एवढंच म्हणाले आणि तिला चिवडा दिला.

दुसऱ्या दिवसापासून सबंध इमारतीची फेरतपासणी सुरू झाली. मराठ्यांकडे चिंच नाही, हे सिद्ध झालं. शेखांचं जांभूळ भलत्याच घरात सापडलं. दोन कुटुंबांमध्ये, आपलं झाड कुणी कुणाला दिलं यावरून, बोलणं बंद झालं. तेव्हा कमिटीनं बैठक घेऊन ठरवलं की यापुढे झाडं नकोत. नाताळ जवळ आला होता, म्हणजे डिसोझाबाईंचं झाड तयार असणार. साहेबांना सांगायचं काम, शेजारी राहतो या गुन्ह्याखाली, माझ्यावर आलं.

दारात उभा राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की मी या घरात कधी गेलेलोच नाही. ते सगळ्यांकडे जात, त्यांच्याकडे कुणी जात नसे. त्यांनी दार उघडलं, मला पाहिलं आणि आधी मागं वळून घर आवरलेलं आहे ना ते बघितलं. गॅलरीभर दुधाच्या पिशव्या, प्रत्येकीत एक रोप.

मी निरोप सांगितला. ते वाद घालतील अशी माझी तयारी होती.

"बरं," ते म्हणाले.

मग बराच वेळ ते एका पिशवीची कड सरळ करत बसले. "खडकीला क्वार्टरमध्ये दारं दिवसभर उघडी असायची. कोण कुणाकडे कशाला गेलं, कुणी विचारत नव्हतं. मिसेस गेल्यावरसुद्धा मला तिथं कधी घर खायला उठलं नाही. इथं बेल वाजवली की आतून विचारतात, कोण आहे, काय काम आहे?" त्यांनी पिशवी जागेवर सरकवली. "झाड दिलेलं असलं, की सांगायला काम असतं."

मला फार वाईट वाटलं. हा माणूस आमच्याकडे झाड बघायला येतो, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"रविवारी चहाला या," मी म्हटलं.

"कशासाठी?"

"चहासाठी."

"नुसतं?"

"नुसतं."

रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि सोफ्याच्या काठावर बसले. कमिटीचा मान राखायचा म्हणून गॅलरीकडे पाठ केली. हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी चहा घेतला, हवेबद्दल बोलले, माझ्या रक्तदाबाची चौकशी केली. मग आमच्यापाशी काहीच उरलं नाही. "निघतो," ते उठत म्हणाले. "तुमची कामं असतील."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो साहेब, जाताजाता कढीपत्ता बघा ना जरा. काय झालंय कोण जाणे, पानं गळतायत नुसती."

कढीपत्ता ठणठणीत होता. सकाळीच पोह्यांसाठी मी त्याची पानं तोडली होती.

साहेब खिडकीतल्या त्या कुंडीसमोर वाकले. पानं उलटी करून पाहिली, मातीत बोट घातलं. जन्मभर माल तपासलेल्या माणसाला काय कळायचं ते पहिल्याच पानाला कळलं असणार. तरी ते बराच वेळ तसेच वाकून राहिले, आमच्याकडे पाठ करून. मग बोटाची माती पुसत वळले.

"वहिनी, हे एका दिवसाचं काम नाही. दर रविवारी यावं लागेल."

"या ना," ती म्हणाली आणि पुन्हा चहाचं आधण ठेवलं.