तुमचे ........ आज सकाळी गेले

मी डबे सपाट करतो. पोटापाण्यासाठी! हसू नका, भंगारवाला नाही मी, प्रोग्रॅमर आहे. आमच्याकडे माहिती येते ती डब्यात डबा, त्यात डबी, डबीत पुडी अशी. ती सगळी उघडायची, एका लांब रांगेत ओतायची आणि रांगेतून हवा तो नवा आकार घडवायचा. या कामात ऑफिसात माझा हात धरणारा कोणी नाही! म्हणून बाबा गेले त्या सकाळी मी आईला छातीठोकपणे म्हणालो, "कळवायचं माझ्याकडे सोपव. एक बटण दाबतो, सगळ्यांना कळेल."

"बटण?" आई बाबांच्या उशाशी बसून त्यांचा चष्मा पुसत होती. (आता कशाला पुसतेस, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.) "फोन करतात रे अशा वेळी."

"किती जणांना तेच तेच सांगायचं, आई?"

"वरच्या बाईंना तरी जिना चढून सांग."

"त्याही यादीत आहेत."

जिना चढून काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. तोंडातून निघत नव्हतं, एवढंच.

"बरं. पण थोरल्यांना नीट कळव," आई म्हणाली. "ते आल्याशिवाय मी यांना नेऊ देणार नाही. गाडीवाल्याला थांबवून ठेव."

थोरले म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, माझे थोरले काका. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं हार्डवेअरचं दुकान. दोघा भावांत एका शिडीवरून अबोला. शिडी कुणी नेली आणि कुणी परत केली नाही, या प्रश्नावर दोघांनी आपापलं म्हातारपण घालवलं.

तर माझी कल्पना ऐका. झकास होती! बाबा एकच, पण प्रत्येकाचे वेगळे. आत्याचे भाऊ, मामांचे मेहुणे. मग ज्याला त्याला त्याच्या नात्यानेच कळवावं, म्हणजे आपुलकी वाटते. नाव कशाला हवं? नातं सांगितलं की माणूस कळतो! "तुमचे अमुक आज सकाळी गेले." अमुकच्या जागी प्रोग्रॅम नातं भरणार.

घराघराचे डबे उघडले, प्रत्येकात त्या घराचे फोन आणि बाबांशी असलेलं नातं. फोन सपाट केले. नाती सपाट केली. दोन रांगा झाल्या, हातात हात घालून चालणाऱ्या:

[ आत्या, आत्या, मामा, वरच्या बाई, थोरले काका, शिंपी, जुना विद्यार्थी ]

[ भाऊ, मेहुणे, शेजारी, धाकटे भाऊ, गिऱ्हाईक, मास्तर ]

तुम्हाला दिसलं ना? मला नाही दिसलं! आत्याचे फोन दोन, नातं एक. डब्यात होते तोवर दोन्ही फोन आत्याचेच होते. डबा फोडला, मधली भिंत गेली. दुसऱ्या फोनने मामांचं नातं ओढलं, मामांनी बाईंचं, बाईंनी काकांचं... प्रत्येकाचा पाय पुढच्याच्या चपलेत!

बटण दाबलं.

पहिला फोन आत्याचा. "दादा गेला रे!" मागून तिचे यजमान, "घरातल्या फोनवर 'मेहुणे गेले' असं आलंय. म्हणजे तेच ना?" तेच! मी मनात म्हटलं, वा, चालतोय की प्रोग्रॅम! (चूक योगायोगाने बरोबर निघाली की तिच्याइतकं घातकी काही नाही.)

मग मामा.

"गाढवा! पांढरी फुलं घेऊन मी शेजाऱ्याच्या दारात उभा, आणि शेजारी बनियनवर दार उघडून विचारतोय, फुलं कसली!"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"वाढदिवसाची म्हणालो! आता चहाला बसवलंय मला!"

"मामा, शेजारी नाही. तुमचे..." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "बाबा गेले, मामा."

"हुश्श! मी म्हटलं ना, हा तर चांगला ठणठणीत... काय म्हणालास? भाऊजी?"

तेवढ्यात जिन्यावर धडधड. वरच्या बाई, केस सुटलेले, हातात फोन.

"तिघेही?"

"काय तिघेही?"

"'तुमचे धाकटे भाऊ गेले'! मला धाकटे तीन आहेत! तिघेही एकदम?"

मराठीत मान दिला की एकाचे अनेक होतात, हे मी विसरलोच होतो.

"नाही हो बाई, तुमचा एकही नाही. बाबा गेले."

"देवाची कृपा!" म्हणून बाई मटकन खाली बसल्या. मग माझ्या मागे उभी असलेली आई त्यांना दिसली.

शिंपी म्हणाला, "साहेब, मास्तर गेले म्हणता, पण आमचा कटिंग मास्तर तर समोर जेवतोय. दोनदा हलवून बघितला!"

बाबांच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्याच्या वाट्याला नातंच उरलं नव्हतं. "'तुमचे आज सकाळी गेले' एवढंच आलंय. पाकीट, किल्ल्या, चष्मा, सगळं चाचपलं. सगळं आहे. माझं गेलं काय?"

त्याला सांगितलं, काय गेलं ते.

दुपारपर्यंत मी तेच तेच बोलत होतो: तुमचे नाही हो, माझे. आणि पलीकडून हुश्श वाचलो देव पावला जीवात जीव आला मग एक खोकला मग अरेरे मग केव्हा कसे काय झालं. एका माणसाच्या मरणाने इतक्या लोकांना इतकं हायसं कधी वाटलं नसेल!

फक्त थोरल्या काकांचा फोन आला नाही.

"कळवलंस ना?" आई.

"कळवलं."

"मग?"

गाडीवाला दारात खाकरला. मी फोन लावला.

"बोला, हार्डवेअर!"

"सकाळी मेसेज मिळाला का?"

"कुणाचा तरी आला होता खरा. 'तुमचे गिऱ्हाईक गेले.' गेलं तर गेलं! समोर नवं दुकान झालंय, रोज एक जातं. त्याचे मेसेज कसले पाठवता?"

"काका, मी तुमच्या भावाचा मुलगा."

पलीकडे तराजूत खिळे ओतले जात होते. ते थांबले.

"ते गिऱ्हाईक नव्हतं, काका."

त्यांनी कोण ते विचारलं नाही. हुश्शही म्हणाले नाहीत. शटर पडल्याचा आवाज आला.

काका आले ते दुकानातल्याच कपड्यांत, कानावर पेन्सिल तशीच. आई उशापासून सरकली. काका बसले. बराच वेळ बाबांकडे बघत राहिले, कोरड्या डोळ्यांनी. मग मला म्हणाले, "मला कोणता मेसेज यायचा होता?"

"चूक झाली काका, रांग एकाने..."

"तो पाठव."

"आता? तुम्ही तर इथेच..."

"पाठव म्हणतो ना."

मी हाताने लिहिला. त्यांच्या खिशात टुण्ण झालं. फोन लांब धरून त्यांनी वाचलं.

तुमचे धाकटे भाऊ आज सकाळी गेले.

"हे काय? धाकटे? गेले? उभ्या जन्मात मी त्याला अहोजाहो केलेलं नाही. नीट लिही."

मी पुन्हा लिहिलं.

तुमचा धाकटा भाऊ आज सकाळी गेला.

टुण्ण. काकांनी वाचलं. फोन पालथा ठेवला. मग बाबांच्या छातीवर डोकं टेकवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"निघायचं का?" गाडीवाला हळूच म्हणाला. "सकाळपासून थांबलोय."

"तुला सकाळपासून ठाऊक आहे रे," काका मान वर न करता म्हणाले. "मला आत्ता कळलंय."

गाडीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे.