बिल मागाल तो भाव

सासऱ्यांनी मटणाचा पहिला घास तोंडात घातला तेव्हा भिंतीवरच्या झगझगत्या फळ्यावर प्लेट साठ कणांना होती. घास गिळेपर्यंत ती सत्तरला गेली आणि जावयाच्या कपाळावर घाम आला.

मोबाइलमधलं नाणं रोजच्या वापरात आल्यापासून हॉटेलांनी छापील मेनूकार्डं रद्दीत घातली होती. नाणं चढलं की प्लेट स्वस्त, घसरलं की महाग. हिशेब कणांत, म्हणजे नाण्याच्या हजाराव्या हिश्श्यात. दारातच पाटी होती: 'बिल मागाल तो भाव.' त्यामुळे घसरत्या नाण्याला गिऱ्हाईक न चावता गिळायचं आणि वेटर रमतगमत चालायचे. चढत्या नाण्याला सूपच्या पाठोपाठ वेटर बिलाचं विचारायला यायचा, पण गिऱ्हाइकाची भूक काही केल्या भागायची नाही.

आज नाणं घसरत होतं. जावयाच्या मोबाइलमध्ये तीनशे कण होते, बायकोच्या मोबाइलमध्ये चाळीस. लग्नात सासरे चारचौघांत म्हणाले होते, "मुलगा चांगला आहे, पण पैसा हातात टिकत नाही त्याच्या." ते वाक्य पुसायला बढतीनंतरचं हे जेवण होतं, आणि सासऱ्यांचं जेवण संपण्याआधी बिल मागणं म्हणजे त्यांना ताटावरून उठवणंच.

फळ्यासमोरची खुर्ची सासऱ्यांनी आल्याआल्या पटकावली होती. जावयाला मागे वळून बघावं लागत होतं.

"मान अवघडलीय का?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही बाबा, व्यायाम. मटण गार होतंय तुमचं."

"होऊ दे. कवळी नवी आहे."

"तुकडे करून देऊ?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

जावई बायकोच्या कानाशी लागला. "नव्वद झाले. बाबांना म्हण, जरा आवरा."

"अहो, महिनाभर पातळ खाऊन होते ते. आता कुठे चावतायत."

वेटर जवळ येऊन प्रेमाने म्हणाला, "सावकाश होऊ द्या आजोबा, घाई नाही." जावयाने त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि पाणी मागितलं. तो विहीर खणायला निघाल्यासारखा रमतगमत गेला.

शंभर. तीन प्लेटचे तीनशे. जावयाचं खातं इथे संपलं. एकशेपाच. आता तो बायकोच्या पैशांवर जेवत होता. एकशेदहा. सासऱ्यांच्या प्लेटमध्ये हाडूक तेवढं उरलं होतं, पण जबडा चालूच. एकशेतेरा. पुढच्या आकड्याला सासऱ्यांपुढे हात पसरावा लागणार होता.

"बिल आणा," जावई इतक्या जोरात म्हणाला, की शेजारच्या टेबलावरचे चमचे थांबले.

सासऱ्यांचा जबडाही थांबला.

दोघांच्या मोबाइलमधून मिळून तीनशे एकोणचाळीस कण गेले. उरलेला एक वेटरला देऊन जावयाने ऐटीत मोबाइल खिशात टाकला.

"दिलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"दिलं बाबा. तुम्ही जेवा निवांत."

"आता कशाला?" त्यांनी गाल चोळला. "तोंडात काही नाही माझ्या, जावईबापू. शेवटचा घास केव्हाच गेला. आज पगाराचा दिवस. सगळे खर्चायला धावतात, संध्याकाळी नाणं पडतं आणि रात्री आठला पुन्हा चढायला लागतं. रोज गॅलरीत बसून नाण्याचा भावच बघतो मी, दुसरं काम काय मला? तोवर तुम्हाला बिल मागता येऊ नये म्हणून नुसता जबडा हलवत होतो. दुखायला लागलाय."

"मग सांगायचं ना बाबा."

"जावयाला त्याच्या पैशांवरून? एकदा बोललो लग्नात. ही पोरगी सहा महिने बोलली नाही माझ्याशी."

बायको हाडकाकडे बघत बसली. जावयाने मान वळवली. एकशेदोन. शहाऐंशी. सत्तर.

"तीन आइस्क्रीम आण रे," सासरे वेटरला म्हणाले. "माझ्याकडून."

मघाचाच वेटर आता पळत आला. आइस्क्रीम ठेवलं, तरी तो हलेना. दर मिनिटाला वाकून म्हणायचा, "आजोबा, बिल मागताय ना?"

चोपन्न. पन्नास. सेहेचाळीस.

"थांब जरा," सासरे म्हणाले. "जावई खातायत अजून."

जावयाची वाटी केव्हाच रिकामी झाली होती. त्याने खुर्ची फळ्याकडे वळवून घेतली, कोरडा चमचा वाटीत फिरवून तोंडात घातला आणि सावकाश चावायला सुरुवात केली.