नऊशे नव्व्याण्णव

चौकात फ्लेक्सचा डिजिटल फलक लागला, तेव्हा महांतेशची गाडी शोरूमच्या मागच्या आवारात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभी होती आणि ती अजून त्याच्या नावावरही झालेली नव्हती.

फलक एवढा मोठा होता, की त्याच्यामागे पानपट्टी पूर्ण झाकली गेली होती. मधोमध महांतेश, काळा गॉगल लावलेला. त्यानं आयुष्यात कधी गॉगल लावला नव्हता. प्रयोगशाळेतला सुरक्षा चष्मा घातलेला त्याचा फोटो कुठून तरी मिळवून कुणीतरी काचा काळ्या केल्या होत्या. खाली लाल गाडी, गाडीच्या सायलेन्सरमधून जाळ, आणि जाळाच्या वर अक्षरं: 'शनिवार पेठेची शान महांतेशराव यांनी १५०० सीसी टर्बो गाडी घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: बाळासो आणि समस्त मित्रपरिवार.'

महांतेशनं हजार सीसीची गाडी ठरवली होती. नेमकं सांगायचं तर नऊशे नव्व्याण्णव.

नेमकं सांगणं हा त्याचा धंदाच होता. शिरोलीच्या एका फाउंड्रीत तो ओतीव लोखंडाचे नमुने तपासायचा. रोज इंजिनांचे सांगाडे त्याच्या हाताखालून जायचे, पण स्वतःचं एकही नव्हतं. गाडी घ्यायची ठरल्यावर त्याला ती जरा चपळ, जरा देखणी हवी होती. तशी एक सापडली. त्या एकाच गाडीत दोन इंजिनं मिळत होती: एक लहान, तीन सिलिंडरचं आणि एक मोठं, पंधराशे सीसीचं, चार सिलिंडरचं. त्यानं दोन्ही चालवून बघितली. मोठ्या इंजिनाच्या गाडीत पाय दाबल्यावर त्याच्या पोटात काहीतरी हललं आणि त्याला ते आवडलं. पण मग त्यानं आठवडाभर घर ते शिरोली या रस्त्यावर स्वतःचा वेग नोंदवला. त्यात असं दिसलं, की पोटात काही हलावं इतका मोकळा रस्ता त्याच्या वाट्याला तावडे हॉटेलच्या पुढे क्षणभर येतो, आणि तेवढ्यात सिग्नल लागतो. शिवाय लहान इंजिनाची गाडी नाकाशी हलकी होती, पेठेतल्या बोळात लवकर वळत होती. त्यानं लहान इंजिन ठरवलं आणि त्याला मनापासून समाधान वाटलं.

फलक बघून तो थेट बाळासोकडे गेला. बाळासो हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. मंडळाचे सगळे फलक तोच करून घ्यायचा.

"बाळ्या, इंजिन चुकलंय. माझी हजारची आहे."

"म्हाईत हाय की."

"मग पंधराशे कशाला लिहिलंस?"

"पहिल्यांदा तुझंच घातलंतं. नऊशे नव्व्याण्णव." बाळासोनं त्याला शांतपणे खाली बसवलं. "डिझाईन बघितलं आणि माझं मलाच कसंतरी वाटलं. चपलंच्या दुकानातल्या पाटीगत दिसत हुतं. लोक म्हणत्याली, गाडी घेतलीया का सेल लागलाय?"

"मग एक हजार लिहायचंस."

"हजार काय आकडा हाय व्हय, मर्दा? गल्लीत पोरांच्या मोटरसायकली साडेसहाशेच्या हायत. दोन चाकाला साडेसहाशे, म्हंजे चाकाला सव्वातीनशे. तुझी चार चाकाला हजार. चाकाला अडीचशेच पडत्यात की!"

महांतेशनं मनातल्या मनात भागाकार केला. तो बरोबर होता, आणि याच गोष्टीचा त्याला सर्वांत जास्त त्रास झाला.

"असं चाकांनी भागत नसतात," तो म्हणाला.

"ते तुला कळतंय. चौकात कुणाला कळतंय?"

फलक काढून टाकायचा, असं ठरवून महांतेश चौकात परतला, तर फलकासमोर अप्पा उभे होते.

अप्पांचं, म्हणजे विरूपाक्षअप्पांचं, लक्ष्मीपुरीत पेंडीचं दुकान होतं. एकुलत्या एका मुलानं गादीवर बसायचं सोडून विज्ञान शिकावं आणि दुसऱ्याच्या कारखान्यात लोखंडाचे तुकडे तपासावेत, हे त्यांनी मुकाट्यानं सोसलं होतं. पण त्यानंतर मुलाच्या कुठल्याही निर्णयाला त्यांनी 'बरं' याहून मोठा शब्द वापरला नव्हता. पदवीला बरं. नोकरीला बरं. आज मात्र ते चष्मा कपाळावर चढवून मुलाचं डोकं आणि गाडीचा जाळ आळीपाळीनं बघत होते.

"पंधराशे!" अप्पा म्हणाले. "मला वाटलं, तू मोजून मोजून शेवटी रिक्षा घेतोयस. शाब्बास, लेका!"

शाब्बास. हा शब्द अप्पांना येतो, हेच महांतेशला माहीत नव्हतं.

"अप्पा, त्याचं असं आहे," तो घाईनं म्हणाला, "टर्बो म्हणजे इंजिनात जाणारी हवा दाबून..."

पण अप्पा तोवर शेजारच्या अमरसिंहाच्या दारात पोचले होते. महांतेशला फक्त त्यांचा आवाज ऐकू आला: "अमरसिंह, बाहेर ये की! फलक बघितलास?"

रात्री जेवताना शांभवीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं.

"मग मोठंच इंजिन घ्या की."

"त्याला पाडव्यानंतरची तारीख देताहेत. आणि मला ते नकोच आहे. विचार करून नको म्हटलंय."

"मग अप्पांना सांगून टाका."

"सांगतोच आहे. टर्बोपर्यंत येतो, तोवर ते उठून जातात."

"अहो, टर्बोपासून सुरुवात कशाला करताय? 'अप्पा, ल्हान हाय' एवढंच म्हणा."

"तेवढ्यानं गैरसमज होईल."

शांभवीनं त्याच्या ताटात भात वाढला आणि विषय संपवला. खरं म्हणजे महांतेशला टर्बोची अडचण नव्हती. ती 'शाब्बास'ची होती. एकदा मिळालेला शब्द परत द्यायचा कसा, हे त्याला कुठल्याही पुस्तकात शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रकरण वाढलं. अमरसिंहाकडे वाळूखडीचा व्यवसाय आणि एक उंच, काळी, डिझेलची गाडी होती. तो फलकाखाली उभा राहून चार लोकांसमोर म्हणाला, "काका, पंधराशे चांगलीच म्हणा. पर माझी एकोणीसशे छप्पन्न हाय."

"आकडं कशाला सांगतोस?" अप्पा म्हणाले. "आकडं माझ्या दुकानात बी लई हायत. रविवारी जोतिबाला चल. केर्लीपासनं वर. डोंगरावर पहिला कोण पोचतोय बघू."

"शर्यत म्हणता?"

"देवाला जायाचं हाय. शर्यत कशाला म्हणायचं? पहिला पोचंल त्येनं दुसऱ्याला च्या पाजायचा."

महांतेश त्या वेळी कामावर होता. त्याला ही बातमी बाळासोनं फोन करून दिली. अभिनंदनही केलं.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी मंडळाची पोरं हलगी घेऊन शोरूममध्ये आली. सगळ्यांना फेटे बांधले गेले. प्लॅस्टिक निघालं, लाल रंग झळाळला आणि महांतेश गाडीच्या मागे जाऊन थबकला. गाडीच्या पाठीवर, उजव्या कोपऱ्यात, चांदीच्या रंगात एक ठसठशीत आकडा बसवलेला होता: एक, टिंब, शून्य, म्हणजे एक लिटर, हजार सीसी. वाचता येणाऱ्या कुणालाही तो वाचता आला असता.

त्यानं शांभवीकडे पाहिलं. शांभवीनं आकड्याकडे पाहिलं. मग तिनं पूजेच्या ताटातली विभूती ओली केली, गाडीच्या मागे गेली आणि तीन बोटांनी असे जाडजूड पट्टे ओढले, की एक, टिंब आणि शून्य तिन्ही शिवाच्या चरणी गेले.

"मॅडम, पूजा पुढं बॉनेटवर करतात," शोरूमचा माणूस अदबीनं म्हणाला.

"आमच्यात मागं बी करत्यात," शांभवी म्हणाली.

त्यांच्यात अशी पद्धत त्या क्षणापर्यंत नव्हती. पण सुनेची भक्ती बघून अप्पांना भरून आलं. ते गाडीच्या मागे आले आणि डोळे मिटून त्यांनी हात जोडले. अप्पांनी जोडले म्हणून बाळासोनं जोडले आणि बाळासोनं जोडले म्हणून मंडळानं. शोरूममधली सगळी माणसं एका गाडीच्या डिकीसमोर नतमस्तक उभी राहिली. महांतेशनंही हात जोडले. त्याला खरोखरच प्रार्थनेची गरज होती.

रविवारी सकाळी केर्लीच्या फाट्यावर दोन्ही गाड्या उभ्या राहिल्या. महांतेशशेजारी अप्पा. मागे शांभवी आणि चित्रीकरणासाठी फोन उगारलेला बाळासो. शेजारी अमरसिंहाची गाडी नुसती उभी असतानाही गुरगुरत होती.

"जावा काका, तुम्ही पुढं," अमरसिंह काच खाली करून म्हणाला. "नवी गाडी हाय, मान तुमचा. पहिल्या वळणावर तुम्हाला मागं टाकून मी हात करतोच."

महांतेशनं गणित केलं होतं. चार माणसं, चढ, लहान इंजिन. पहिल्या वळणावर अमरसिंह हात करणार, यात शंका नव्हती. त्यानंतर डोंगरावर लोक जमणार, कुणीतरी बॉनेट उघडायला सांगणार, आणि अप्पा चार माणसांत खाली बघणार. त्याला अप्पांचं खाली बघणं सोसणार नव्हतं. त्यानं गाडी सोडली आणि पहिल्या वळणाआधीच ब्रेक दाबला.

पुढे उसाचा ट्रॅक्टर होता.

कोडोलीकडचा खालचा रस्ता कामासाठी खणून ठेवला होता, म्हणून कारखान्याला जाणारा ऊस त्या दिवशी घाटातून वळवला होता. ट्रॉली एक होती, पण तिच्यात ऊस दोन ट्रॉल्यांचा होता. दोन्ही बाजूंना तो असा बाहेर आला होता, की रस्त्यावर फक्त एखादं कुत्रं त्याला ओलांडू शकलं असतं. ट्रॅक्टरवर कर्णे लावलेले होते आणि ट्रॉलीच्या पाठीवर रंगवलेलं होतं: 'घाई असंल तर काल निघायचं.' मागून अमरसिंहानं हॉर्न वाजवला. ट्रॅक्टरवाल्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

"मार की पुढं!" अप्पा म्हणाले.

"कुठून मारू?"

अप्पांनी दोन्हीकडे पाहिलं. एकीकडे ऊस आणि दरी, दुसरीकडे ऊस आणि डोंगर. ते मागे टेकून बसले. त्यांना पट्टा लावलेला होता, काचा वर होत्या आणि गाडी माणसाच्या चालीनं चढत होती. महांतेशच्या लक्षात आलं, की आयुष्यात पहिल्यांदा अप्पा उठून जाऊ शकत नाहीत.

"अप्पा," तो म्हणाला, "टर्बो म्हणजे इंजिनात जाणारी हवा दाबून भरणारा पंखा."

"आलं आता," शांभवी पुटपुटली.

महांतेशनं सगळं सांगितलं. हवा जास्त भरली, की लहान सिलिंडरसुद्धा मोठ्याचं काम कसं करतो. पुढचं वजन कमी झालं, की वळताना काय होतं. शिरोलीच्या रस्त्यावर त्याला काय आढळलं. एक वळण गेलं, दुसरं गेलं, आणि शेवटी तो त्या वाक्याला येऊन पोचला. "म्हणून मी विचार करून लहान इंजिन घेतलं. आपली गाडी नऊशे नव्व्याण्णव सीसीची आहे. फलक चुकीचा आहे."

बाळासोनं फोन खाली घेतला. 

"अमरसिंहाची किती म्हणाला त्यो?" अप्पांनी विचारलं.

"एकोणीसशे छप्पन्न."

"म्हंजे दुप्पट."

"जवळजवळ दुप्पट. एक पूर्णांक..."

"ऱ्हाऊ दे. कुठं हाय त्यो आता?"

"आपल्या मागं."

"आणि ह्यो ट्रॅक्टर? त्येला किती?"

"अडीच-तीन हजार असेल."

अप्पांनी डोळे बारीक केले. पेंडीच्या दुकानात मोठं गिऱ्हाईक आलं, की ते असेच बघायचे.

"म्हंजे रस्त्यातलं सगळ्यात मोठं इंजिन पुढं रखडतंय. दुप्पटवालं मागं बोंबलतंय. आणि मधी आपण."

"आपणही रखडलोय, अप्पा."

"पर कमी तेलात रखडलोय," अप्पा म्हणाले.

ट्रॅक्टर डोंगरावर पोचून सरळ निघून गेला. महांतेशनं गाडी वळवून वाहनतळावर घेतली. तिच्यामागून अमरसिंहाची आली. दोघांच्या ओळखीचे लोक नारळाच्या दुकानापाशी वाट बघत होतेच.

"काका, ह्याला काय अर्थ न्हाय!" अमरसिंह उतरता उतरता ओरडला. "पुढं ट्रॅक्टर हुता!"

"मग आमाला काय येगळा रस्ता हुता?" अप्पा म्हणाले.

लोक हसले. अप्पा गाडीच्या मागे गेले, खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी विभूती पुसली आणि आकडा सगळ्यांना दाखवला.

"बघा. नऊशे नव्व्याण्णव. निम्मं इंजिन! घाटभर ह्येला पुढं जाऊ दिलं न्हाय."

"पर फलकावर तर पंधराशे..." कुणीतरी म्हणालं.

"फलक गाडी वढतंय व्हय? माझ्या पोरानं मुद्दाम ल्हान घेतलंया. शिकल्यालं हाय त्ये. सांग रं ह्यास्नी, ते टर्बोचं!"

सगळे महांतेशकडे वळले. कुणी उठून जात नव्हतं. कुणी फोन बघत नव्हतं. महांतेशला माहीत होतं, की आत्ता जे घडलं त्यानं काहीही सिद्ध होत नाही. मोकळा रस्ता असता तर अमरसिंह दोन वळणं आधी येऊन चहा पीत बसला असता. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते पूर्णपणे खरं झालं असतं. त्यानं अप्पांकडे पाहिलं. अप्पा त्याच्याकडे असे बघत होते, जसे ते फलकाकडे बघत होते.

"अप्पा म्हणतात, तसंच आहे," महांतेश म्हणाला.

चहा अप्पांनी पाजला.

दर्शन घेऊन ते उतरायला लागले तेव्हा घाट मोकळा होता. वाक्य न बोलल्याचं ओझं महांतेशच्या मनावर होतं. निदान अप्पांना तरी खरं सांगावं, असं त्यानं ठरवलं आणि सुरुवात कुठून करावी याचा तो विचार करू लागला. तेवढ्यात मागून गुरगुर ऐकू आली. अमरसिंहाची काळी गाडी अलगद बाजूनं आली, क्षणभर बरोबर चालली आणि महांतेशची गाडी जणू उभीच असावी तशी तिला मागे टाकून खालच्या वळणावर दिसेनाशी झाली.

प्रात्यक्षिक स्वच्छ होतं. याहून स्वच्छ प्रात्यक्षिक महांतेशनं प्रयोगशाळेतसुद्धा पाहिलं नव्हतं. आता वेगळं काही सांगायची गरजच उरली नव्हती. तो अप्पांकडे वळला.

अप्पा त्या रिकाम्या वळणाकडे मोठ्या समाधानानं बघत होते.

"बघितलंस?" ते म्हणाले. "हारल्यालं माणूस कसं तोंड लपवून पळतंय."