आधी हात गरम करा

आमच्या फ्रीगंजच्या गल्लीत नाना कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्याचं मनगट धरायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "गार आहे. आत्ता कणीक मळू नका, वहिनी. मसल अभी सोया हुआ है!"

नाना कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि आमच्या शेजारी राहत. स्नायूला ते मसलच म्हणत. मी तेव्हा नवी सून. बी.ए. झालेली, म्हणजे जगातलं सगळं कळलेली. मला वाटलं, माझा हात सुंदर, म्हणून हा गृहस्थ निमित्त शोधतो. आठवडाभर रोज बांगड्या बदलून कचरा टाकायला गेले. मग एक दिवस पाहते, तर नाना दूधवाल्याचं मनगटही तितक्याच भक्तीने धरून उभे!

त्यांचं खरं दैवत वटवाघूळ. संध्याकाळी गच्चीवर नेऊन दाखवायचे. "छाती गरम, कारण ती सारखी राबते. पण पंखाच्या टोकाचे मसल बारीक, वाऱ्यावर उघडे. ते गारठणारच. आपले गारठले की ढिले पडतात, याचे फारसे पडत नाहीत. पंखाच्या गार बोटांनी वळतं आणि उडता किडा पकडतं. कमाल है की नहीं?"

"मग कणीक त्यालाच मळू दे," मी म्हणायची.

माघातल्या थंडीत माझ्या नणंदेचं लग्न होतं. नवरदेवाला मंगळसूत्राचा आकडा लागेना. नाना थेट मांडवात घुसले. "रुको! आधी याचे हात होमावर शेका."

गुरुजी कडाडले, "अहो, मुहूर्त जाईल!"

"मुहूर्त थांबेल, गुरुजी. मसल ऐकत नाही."

हात शेकले, आकडा लागला. गुरुजी वर्षभर नानांशी बोलले नाहीत.

पुढे म्हातारपणी सुमनताईंना, नानांच्या बायकोला, लकवा झाला. उजवा हात मुडपला. पण कुंकू त्या दुसऱ्या कुणाला लावू देत नसत. नाना रोज सकाळी त्यांना ओट्यावर उन्हात बसवायचे आणि त्यांचा हात आपल्या स्वेटरच्या आत बगलेत धरायचे. बोट सैल झालं की करंडा पुढे करायचे. कुंकू कधी भुवईवर जायचं, कधी नाकाशी.

"एकदम सेंटर में!" नाना म्हणायचे.

"खोटारडे," सुमनताई हसायच्या. आरसा मागायच्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एका पहाटे त्या गेल्या. माणसं जमली, सगळी तयारी झाली, पण नाना त्यांचा हात सोडेनात. दोन्ही तळव्यांत धरून चोळत बसले. "थोडं थांबा, वहिनी. गरम होतोय. मग ती कुंकू स्वतः लावेल."

जन्मभर पोरांना मसल शिकवलेला माणूस. कुणीतरी घड्याळ पाहिलं. तेव्हा तेच गुरुजी, आता पाठीत वाकलेले, हळूच म्हणाले, "चोळू द्या त्यांना. मुहूर्त थांबेल."

त्यानंतर नानांनी कुणाचं मनगट धरलं नाही. दूधवाला मुद्दाम हात पुढे करायचा, नाना दूध घेऊन आत वळायचे. शेवटी मी एक लबाडी केली. बधिर होईपर्यंत हात नळाखाली धरला आणि त्यांच्या फाटकाशी जाऊन पुढे केला.

"नाना, बघा हो. कणीक मळू का?"

बराच वेळ ते हाताकडे नुसते पाहत राहिले. मग मनगट धरलं. डोळे मिटले.

"वरची कातडी तेवढी गार आहे. आत गरम आहे. नळाखाली धरलात, वहिनी."

"हो."

पकडली गेले, आता सोडतील, असं वाटलं. सोडलं नाही.

"मग, मळू का?"

"थांबा जरा," नाना म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.