व्याह्यांची विजार आणि पिकरल

मुलीचं लग्न दुपारी तीनला, आणि सकाळी दहाला ऑरिन पेटेंगिल व्याह्यांना होडीत घालून तळ्यात निघाला होता. कल्पना त्याची नव्हती. कनेटिकटचे व्याही कालपासून मांडवात उभे राहून टेबलं कशी मांडावीत ते सगळ्यांना सांगत होते. शेवटी थेडानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ऑरिनला कोपऱ्यात घेऊन बजावलं, की यांना कुठंतरी घेऊन जा. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या गावात कुठंतरी म्हणजे तळंच.

हे व्याही, एलियट व्हेदरबी, मोठे मासेमार होते, पण फक्त ट्राउट माशांचे. थंडगार वाहतं पाणी, केसासारखी दोरी, गळाला नखाएवढी पिसांची खोटी माशी, असा सगळा सोवळा कारभार. पिकरल हा त्यांच्या लेखी मासाच नव्हता. बदकासारखं तोंड, सुयांसारखे दात, अंगभर काटे आणि राहायला कमळाच्या पानांखालचा गाळ. वल्ही मारता मारता ऑरिनला हे सगळं ऐकावं लागलं. तो चाळीस वर्षं याच तळ्यात पिकरल धरत आला होता. पण लेकीच्या सासऱ्याला आपण अगदीच गावंढळ वाटू नये, म्हणून तो हो ला हो करत राहिला.

कमळांपाशी पोचल्यावर त्यानं गळाची काठी काढली. दोरीच्या टोकाला लाल-पिवळ्या पिसांची बोटभर माशी होती.

"ही माशी आहे का झाडू?" व्हेदरबींनी विचारलं.

खरी माशी कशी असते ते दाखवायला ते मागच्या बाजूला आपली पेटी उघडायला वाकले. नेमकी तेव्हाच ऑरिननं फेकीसाठी दोरी मागे घेतली. झाडू गेला तो थेट व्याह्यांच्या विजारीच्या बैठकीत.

कातडीला लागलं नाही, पण गळ जाड लोकरीत असा रुतला की हलेना. ऑरिन पक्कड घेऊन जवळ सरकला. ते पाहून व्हेदरबी म्हणाले, की पक्कड लांबच ठेवा, मी विजार काढून देतो. दोघांनी ती होडीच्या काठावर पसरली. गळ उपसायला दोघंही एकाच बाजूला वाकले, होडी कलली आणि विजार गुपचूप पाण्यात उतरली.

"खिशात अंगठ्या आहेत," व्हेदरबी म्हणाले. अगदी हळू म्हणाले.

"कसल्या?"

"लग्नाच्या. दोन्ही. पोराच्या हाती द्यायचा धीर झाला नाही मला."

विजार तशी दोरीला होतीच, चार हात ओढली असती तर वर आली असती. पण त्या तपकिरी कापडावर लाल-पिवळी पिसं हलत होती, आणि पानांखाली दबा धरून बसलेल्या पिकरलला त्या सकाळी इतकं चवदार दुसरं काही दिसलं नव्हतं. पाणी खळ्ळकन फुटलं. माशाचे दात लोकरीत अडकले, आणि विजार दोन्ही पाय फडफडवत कमळांतून पळत सुटली.

पुढं बुडालेला ओंडका होता. दोरी त्याला वेटाळून तुटली, की अंगठ्या कायमच्या गाळात. आणि तरीही, पळणाऱ्या विजारीकडे बघून त्याला हसू फुटलं. दाबलं तेवढं ते नाकातून आलं.

"द्या इकडं ती काठी," व्हेदरबी म्हणाले.

पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, वर कोट आणि टाय, अशा थाटात ते होडीत उभे राहिले. ढील दिली, आवरलं, पुन्हा ढील दिली. ट्राउटवर कमावलेली सगळी विद्या त्यांनी त्या विजारीवर पणाला लावली. दोनदा मासा उडाला, आणि दोन्ही वेळा त्याच्याबरोबर विजारही उडाली. दुसऱ्या वेळी ती हवेत जणू दोन पावलं चालली. तेव्हा व्हेदरबींच्या तोंडून एक बारीक, उंच किंकाळी निघाली. ऑरिनला आधी वाटलं, माणसाच्या छातीत कळ आली. मग कळलं, व्याही हसताहेत. त्यानंतर दोघांनाही आवरेना. एक डोळे पुसायचा, दुसऱ्याला उचकी लागायची.

या गडबडीत नांगराचा दगड टाकायचा राहून गेला होता. वाऱ्यानं होडी हळूहळू पेटेंगिलांच्या धक्क्याकडे नेली. तिथं पांढऱ्या मांडवाखाली फुलदाण्या मांडत अर्धं गाव उभं होतं. पाद्रीबुवाही होते.

सगळ्यात आधी नवरीनं, मार्नीनं, पाहिलं. डोक्यात केस कुरळे करायच्या नळ्या, अंगात लग्नाचा झगा. ती दोन क्षण बघत राहिली.

"बाबा, काय धरलंय?"

"तुझ्या सासऱ्यांची विजार."

तिनं जास्त विचारलं नाही. ऑरिनचीच मुलगी ती. धक्क्यावरची मासे धरायची जाळी उचलली, झगा गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात शिरली आणि एका झेपेत मासा, विजार नि पावशेर शेवाळ उचलून धक्क्यावर टाकलं. खिशाचं बटण शाबूत होतं. अंगठ्याही.

मग सगळे एकदम बाजूला सरकले, कारण ऑगस्टा व्हेदरबी, विहीणबाई, मांडवातून खाली येत होत्या. मोत्यांची माळ, रेशमी पोशाख. आल्यापासून त्या एकदाही हसल्या नव्हत्या, आणि त्यांच्या धास्तीनं थेडाचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यांनी नवऱ्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. पुढं काय येणार, हे जाणून ऑरिन मनात माफीची वाक्यं जुळवू लागला.

विहीणबाई माशाजवळ बसल्या. त्याच्या दातांतला लोकरीचा धागा त्यांनी हलकेच सोडवला.

"तीस वर्षं हे मला नदीकाठी नेतात," त्या म्हणाल्या, "आणि गप्प बसायला लावतात. असले अजून आहेत?"

कमळांपाशी पुष्कळ आहेत, असं ऑरिन म्हणाला.

बाईंनी बूट काढून पाद्रीबुवांच्या हातात दिले आणि होडीत जाऊन बसल्या. तीनचं लग्न सव्वाचारला लागलं. नवरानवरी, पाद्री, पाहुणे सगळे वेळेवर तयार होते. नवऱ्या मुलाची आई तेवढी परत यायला तयार नव्हती.