थोरल्या जावयाचा हब

“चाक काय हो, कुणीही विकत घेतो! जाणकार माणूस हब घेतो!”

प्रज्योतने हे वाक्य बोर्ली पंचतनला, सासरवाडीत, गणपतीच्या पंगतीत टाकलं. तोंडात मोदक होता, त्यामुळे ते जरा तुपकट आलं, पण आलं भलत्याच आत्मविश्वासाने! समोर बसला होता त्याचा धाकटा साडू ऋत्विक, अलिबागचा. हा गडी गाडीच्या टपावर नवीकोरी माउंटन बाईक बांधून आला होता आणि ती खाली उतरवायचं नाव घेत नव्हता. खाली उतरवली तर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार कशी?

आता हब म्हणजे काय, हे पंगतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. चाकाच्या मधोमध जो गड्डा असतो, ज्याच्याभोवती सगळं चाक फिरतं, तो हब. खुद्द प्रज्योतलाही हे आदल्याच आठवड्यात कळलं होतं. त्याच्या जुन्या सायकलीचं मागचं चाक कुरकुरायला लागलं, म्हणून त्याने मोबाइलवर वाचून काढलं होतं.

“माझी सायकल जुनी असेल,” तो म्हणाला, “पण हब बदलला की तुझी ही बाईक माझ्या मागे धूळ खात येईल!”

“मग येताय का दादा, शर्यत लावून?” ऋत्विकने हसत विचारलं.

इथे प्रज्योतने गप्प बसायला हवं होतं. पण सासरवाडीत, तूप वाढलं जात असताना, कुठला जावई गप्प बसलाय?

“दसऱ्याला! माणगावहून इथपर्यंत! जो आधी दाराशी येईल, त्याने मानाचा नारळ फोडायचा!”

पंगत गार झाली. सासरे दत्तात्रेय, म्हणजे तात्या, यांना मुलगा नाही, दोन मुलीच. त्यामुळे दसऱ्याला घरच्या विळ्या-कोयत्यांच्या पूजेचा नारळ थोरला जावई फोडतो. लग्नापासून हा मान प्रज्योतचा. कचेरीत त्याला कुणी विचारत नाही, घरी तर नाहीच नाही, पण दसऱ्याला सगळी आळी उभी असते आणि तात्या हाक मारतात, “थोरले जावईबापू, पुढं या!” त्या एका हाकेवर बिचाऱ्याचं वर्ष निघतं! आणि तोच मान त्याने आपल्या हाताने पणाला लावला.

“व्हय, चालंल,” तात्या म्हणाले. प्रज्योतच्या बायकोने, मृणालीने, त्याच्या पानात मीठ जरा जास्तच जोरात वाढलं.

माणगावला परतल्यावर प्रज्योत कामाला लागला. नाक्यावरचा सायकलवाला रघू म्हणाला, “साहेब, छर्रे बदलतो, वंगण भरतो. पळेल घोड्यासारखी.”

“छर्रे? रघू, जग कुठे चाललंय!”

जग कुठे चाललंय हे त्याला मुंबईच्या एका सायकलच्या दुकानातल्या परेशने फोनवर सांगितलं.

“सर, एकशे पस्तीस मिलिमीटर रुंदीवाला तो बंद झाला. एकशे बेचाळीसवाला कोणी विचारत नाय. आता एकशे अठ्ठेचाळीस चालतो. आजकाल सगळे हाच घेतात.”

“आणि आधी काय घ्यायचे?”

“आधी सगळे दुसरा घ्यायचे.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी फोन करा ना सर!”

एवढा स्पष्ट माणूस फसवणार कसा? प्रज्योतने हब मागवला. खोक्यातून निघाला तेव्हा तो देव्हाऱ्यात ठेवावा इतका देखणा होता. फिरवला की फिरतच राहायचा! एकच अडचण होती. हब रुंद आणि जुनी सायकल अरुंद. तो आत जाईना!

“जरा फाकवू का?” रघूने विचारलं.

एका बाजूने रघूने धरलं, दुसऱ्या बाजूने प्रज्योतने. दोघांनी असा काही जोर लावला की ‘कट्ट’ असा आवाज झाला. दोघांच्या हातात अर्धी अर्धी सायकल आली!

“आता जाईल आत,” रघू म्हणाला.

मग नवा सांगाडा आला. त्याला जुने रबराचे ब्रेक बसेनात. चकतीचे ब्रेक मागवले. चकत्यांना सहा स्क्रू होते आणि हबला स्क्रूची भोकंच नव्हती! दुसऱ्या चकत्या मागवल्या. जुने गिअर हबवर चढेनात. नवे गिअर आले, तर जुनी साखळी त्यांच्यावरून घसरायला लागली. मागचं चाक थाटात उभं राहिलं आणि पुढचं त्याच्याशेजारी केविलवाणं दिसू लागलं, म्हणून तेही बदललं. प्रत्येक वेळी परेश तितक्याच प्रेमाने म्हणायचा, “सर, स्टँडर्ड बदलला ना!”

“हबसाठी सायकल बदललीत,” मृणाली म्हणाली. “उद्या सायकलीसाठी घर बदलायचं असेल तर आधी सांगा. मला लोणच्याच्या बरण्या आवराव्या लागतील.”

जुन्या सायकलीची शेवटी फक्त घंटी उरली. नवं हँडल जाड, त्यामुळे तीही बसेना! ती मृणालीच्या केसांच्या रबराने बांधली.

परेशने एक ताकीद मात्र दिली होती. “सर, त्या चकत्यांना तेलाचं बोट पण लावू नका. ब्रेक धरणार नाय.” प्रज्योतने ती ताकीद मृणालीला दिली, रघूला दिली, शेजाऱ्यांनाही दिली. आई, सखुबाई, तेवढी राहिली. ती तेव्हा गावी, बहिणीकडे गेली होती.

दसऱ्याच्या सकाळी प्रज्योत आंघोळ करून बाहेर आला, तर ओटीवर स्कूटर, मिक्सर, विळी आणि सायकल ओळीने पुजून ठेवलेली. सायकलीला झेंडूचा हार, हँडलवर हळदकुंकू. सखुबाई हातातली वाटी बाजूला ठेवत म्हणाल्या, “येवस्थित पुजलीय बघ. नवी वस्तू हाय, कोरडी पुजू न्हाय.”

प्रज्योतला गहिवरून आलं. आईच्या पाया पडून तो निघाला.

आदल्या रात्रीच माणगावात मुक्कामाला आलेला ऋत्विक पुढे सुटला आणि म्हसळ्यापर्यंत पुढेच राहिला. मधे एकदोनदा प्रज्योतला ब्रेक सुस्त वाटले. नवे आहेत, लाजत असतील, असं म्हणून त्याने सोडून दिलं. शर्यतीत ब्रेक लावतो कोण?

बोर्लीकडे उतरणारा घाट आला, आणि हबने आपले गुण दाखवले! सायकल अशी सुटली की प्रज्योतचे गाल कानांना टेकले. वळणावर ऋत्विक ब्रेक दाबत सावकाश चालला होता. प्रज्योत त्याच्या शेजारून सपकन निघून गेला.

“दादा, सांभाळून!”

“बघून घे हब!” प्रज्योत ओरडला.

पुढच्या वळणावर त्याने ब्रेक दाबला. काही झालं नाही. दोन्ही दाबले. तरीही काही नाही! फक्त कुठूनतरी खमंग वास यायला लागला. सणाचा दिवस, कुणाकडे तरी काही तळत असतील, असं त्याला वाटलं. मग लक्षात आलं की वास त्याच्याबरोबरच उतारावरून येतोय.

तात्यांचं घर उताराच्या पायथ्याशी. दारात सगळी आळी जमलेली, तात्या नारळ हातात घेऊन उभे. प्रज्योत घंटी बडवत आला.

“तात्याऽऽ! आलोऽऽ!”

“या, या जावईबापू! बसा...” तात्या सवयीने म्हणाले. तोवर जावईबापू दारावरून पुढे गेले होते!

रस्ता वळला, प्रज्योत वळला नाही. तो बांधावरून उडाला आणि तात्यांच्या पिकल्या भातात शिरला. शेताच्या मधोमध एक सरळ वाट पडली. त्या वाटेच्या टोकाला सायकल उलटी पडली होती आणि तिचं मागचं चाक फिरत होतं. फिरतच होतं!

तेवढ्यात ऋत्विक आला. त्याने ब्रेक दाबला, सायकल बरोबर उंबऱ्यासमोर उभी केली आणि एक पाय खाली टेकला.

प्रज्योत चिखलातून उठून धावत आला. “आधी मी आलो! सगळ्यांनी बघितलंय!”

“व्हय तर,” तात्या म्हणाले. “आलात. पन गेलात पन ना!”

“पण तात्या...”

“जावईबापू, यष्टी थांब्यावरनं भुर्रकन निघून गेली, तर ती आली म्हनायची काय?”

आळी खदाखदा हसली. तात्यांनी नारळ ऋत्विकच्या हातात दिला. खरंच सांगतो, त्या क्षणी प्रज्योतला ढोपराचं खरचटणं जाणवलंही नाही; दुसऱ्याच्या हातातला तो नारळ मात्र बघवेना. मृणाली आदल्या दिवशीच माहेरी आली होती. तिने पदराने त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला आणि त्याच्या हेल्मेटात अडकलेल्या भाताच्या लोंब्या काढायला लागली.

“ठेव, ठेव, टाकू नको!” तात्यांनी त्या लोंब्या घेऊन दाराच्या तोरणात खोवल्या. “तोरनाच्या लोंब्या आनायच्या राहिल्याच व्हत्या. थोरल्या जावयांनी आनल्या.”

प्रज्योतला तेवढ्यानेही बरं वाटलं. तो खोबऱ्याचा तुकडा घेऊन बांधावर बसला. ऋत्विक शेजारी आला आणि शेतातल्या चाकाकडे बघत राहिला.

“दादा, काहीही म्हणा, हब जबरदस्त आहे!”

“आहेच!” प्रज्योतची छाती फुगली.

“पण हा बंद होतोय म्हणे आता. याच्याहून रुंद येतोय.”

प्रज्योत काही बोलणार, इतक्यात त्याचा मोबाइल वाजला. सखुबाई होत्या.

“पयला आलास ना रं?”

प्रज्योतने हातातल्या खोबऱ्याकडे पाहिलं. आईला काय सांगायचं?

“आलो, आई. पहिलाच आलो.”

“येनारच! त्या चकचकीत चकत्यांना मी मुद्दाम दोनदा तेल लावलं व्हतं!”