वेंकोबाकाकांचं अर्धं पत्र

आमच्या शेजारच्या वेंकोबाकाकांनी जन्मात कोणताही मजकूर पूर्ण केलेला नाही. कचेरीतला रजेचा अर्जसुद्धा! ‘ताप चढला. वैद्य आले. नाडी धरताच त्यांचा चेहरा काळवंडला आणि—’ खाली सही. साहेब धावत घरी आले, तर काका ओसरीवर कॉफी पीत बसलेले.

दोष त्यांच्या वडिलांच्या पेटीचा. तंजावरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी घरोघरी बोलतात, पुस्तकं मात्र त्या एका पेटीत. तलवारी, भुयारं, वेषांतरं. वाळवीनं सगळ्यांची शेवटची पानं फस्त केलेली. काका लहानपणी तीच पुन्हा पुन्हा वाचत वाढले. गोष्ट ऐन रंगात आली की थांबायचं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. “शेवट कशास हवा हो?” असं वर मलाच विचारतात. हात टेकले!

घरोघरी केबल येत होती, तेव्हा माझ्या लेकीला, सुधाला, पुण्याचं स्थळ आलं. त्यांनी मुलीची माहिती मराठीत लिहून मागितली. आम्ही सगळे तमिळ शाळेत शिकलेले; गल्लीत देवनागरी लिहिणारे काका एकटेच. (मी पुढे शिकले, ती याच संतापानं.) काकांनी लिहिलं आणि पोस्टातही टाकलं.

आठवड्यानं मुलाच्या वडिलांचा माझ्या शाळेत फोन. आवाज कोरडा. त्यांनी पत्रच वाचून दाखवलं: ‘मुलगी सालस, गृहकृत्यदक्ष. परंतु एके दुपारी असे घडले की—’

“काय घडलं ते आज सांगा,” ते म्हणाले, “नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो.”

मी तरातरा काकांकडे गेले. “लग्न मोडतंय! काय घडलं त्या दुपारी?”

“आठ वर्षांची होती. मी तिज वाचून दाखवत होतों. उरलेलं शेवटचं पान संपलं. तर विचारली, ‘अप्पुरम्, काका?’”

म्हणजे, मग पुढे? हे आम्ही तमिळमध्येच विचारतो.

“इतकी वर्षं वाचतों, मज कोणी पुढचं विचारलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा शेवट रचून सांगितलों.”

“मग तेवढं लिहायचं ना!”

काकांनी चष्मा काढला. “लिहायास बसलों. पण ते लिहिलों तर पोर पसंत पडणार. जाणार.”

माझा राग तसाच होता, आणि रडूही आलं. मी त्यांना दंडाला धरून एसटीडी बूथवर नेलं, नंबर फिरवला, फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी शेवटपर्यंत. पलीकडे हसू फुटलेलं मलाही ऐकू आलं.

काका हसले नाहीत. फोन दोन्ही हातांनी धरून म्हणाले, “तुमच्याकडे दुपारी तिज वाचून दाखवायास कोण आहे हो?”